खाडीची वाळू, शिंपल्यांचा चुना आणि स्लॅबमधली सळई

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: देवगड तालुक्यात खाडीपासून दोनेकशे मीटरवर आजोबांची जागा आहे, जुनं घर पडलंय, तिथे तळमजला आणि वर एक मजला असं नवीन आरसीसी घर बांधायचंय, आणि पर्यावरणाचा विचार म्हणून माल शक्यतो तिथलाच वापरायचाय, म्हणजे खाडीची वाळू, जांभ्याची खडी, शिंपल्यांचा चुना, विहिरीचं पाणी आणि जमलं तर सळईच्या जागी बांबू. शिवाय एलसी३ नावाच्या नवीन सिमेंटबद्दलही विचारलंय. चुलतभावाने चार ब्रास, म्हणजे चारशे घनफूट, वाळू आणून टाकलीसुद्धा आहे आणि गवंडी म्हणतोय "काय एक होणा नाय". सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीच्या नियमन क्षेत्रात बांधायची, परवानगी तुम्ही घेतली असेल असं धरून चालतो, तो वेगळाच विषय आहे.

मी या पट्ट्यात अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं बांधकाम करतोय, आधी साईट इंजिनीयर म्हणून आणि नंतर स्वतःचं. तर सरळ सांगतो, तुमच्या यादीतल्या बहुतेक वस्तू चांगल्याच आहेत, पण तुम्ही त्या सगळ्या सळईला चिकटवताय. जांभा भिंतीत घाला, चुना गिलाव्यात घाला, बांबू छपरात घाला, मी स्वतः येऊन बघीन. पण जिथे लोखंड आहे तिथे समुद्राची एकही वस्तू जाता कामा नये.

का, ते आधी नीट समजून घ्या, कारण गवंड्याशी वाद घालायचाय तुम्हाला. चांगल्या काँक्रीटच्या आत पीएच साडेबाराच्या वर असतो, एवढ्या अल्कलीत लोखंडावर एक अगदी पातळ ऑक्साईडचा थर बसतो आणि तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो, वरून कुठलाही रंग लावायची गरज पडत नाही. मिठातलं क्लोराईड हा थर जागोजागी फोडतं, आणि मग गंज असा सगळीकडे सारखा येत नाही, तर खड्डे पाडत येतो, १२ मिमीची सळई एखाद्या ठिकाणी निम्मी होते आणि शेजारी तशीच्या तशी असते. गंज झाला की त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट होतं, ते आतून दाबतं, सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, फुटतं, आणि मग तुम्हाला स्लॅबच्या खालून प्लास्टरचा पापुद्रा पडलेला दिसतो. लोक प्लास्टरवाल्याला शिव्या देतात. प्लास्टरवाल्याचा काही संबंध नसतो.

आता हिशेब करू. एक घनमीटर काँक्रीटला साधारण ७०० किलो वाळू लागते. खाडीच्या तोंडाची वाळू उचलली आणि ती नुसती ओलसर जरी असली, समजा वजनाच्या ५ टक्के समुद्राचं पाणी धरून असली, तर ते झालं ३५ लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराईड असतं, म्हणजे ३५ गुणिले १९, झाले ६६५ ग्रॅम. आणि आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचा आपला भारतीय कोड, त्याप्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटमध्ये सगळं मिळून, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी, पाणी, केमिकल सगळ्यातलं मिळून, घनमीटरला ०.६ किलोच्या वर क्लोराईड चालत नाही. म्हणजे बाकी काहीही खारं नसताना नुसत्या ओल्या वाळूनेच मर्यादा ओलांडली. बरं ही वाळू वाळली तर पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं, त्यामुळे "उन्हात सुकवली आहे" याला अर्थ नाही. चुलतभाऊ हेच सांगणार तुम्हाला, बघा.

आणि फरक काय पडतो तर बाहेरून वाऱ्याबरोबर येणारं मीठ कव्हरमधून आत झिरपायला वर्षंच्या वर्षं घेतं, तुम्ही चांगलं काँक्रीट केलंत तर काही दशकं सुद्धा. पण वाळूतूनच मीठ घातलंत तर ते पहिल्या दिवसापासून सळईला चिकटून बसलंय. चोराला दार उघडून आत घेतल्यासारखं आहे.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. नोकरीच्या सुरुवातीला, तेव्हा मी पंचवीसचा असेन, एका घराचा स्लॅब खाडीच्या वाळूत घातला. नदीची वाळू घाटावरून यायची, महाग पडायची, मालक ओळखीचे, आणि खाडीची वाळू दिसायला इतकी सुंदर, स्वच्छ, गोल दाण्याची, की मलाच वाटलं कशाला उगाच खर्च. क्यूब टेस्ट, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून बघायची ताकदीची चाचणी, उत्तम आली, हे मुद्दाम सांगतो, कारण मिठाने ताकद सुरुवातीला कमी होत नाही, उलट लवकर सेट होतं. बारा-तेरा वर्षांनी त्या काकांचा फोन आला, स्वयंपाकघराच्या वर पोपडे पडतायत. गेलो, हातोडी मारली तर तीन इंच बाय दोन फुटाचा तुकडा हातात आला आणि आत सळईच्या जागी चॉकलेटी भुकटी. तो स्लॅब शेवटी तोडला आम्ही. तोडायला, मलबा टाकायला, नवीन सिमेंट-सळई आणायला जो खर्च आणि जो धूर झाला तो बघता वाळूत वाचवलेले पैसे म्हणजे चिल्लर होती. तेव्हापासून कोणी मला सस्टेनेबल म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारतो, किती वर्षं टिकणार? वीस वर्षांत तोडायला लागणारं इकोफ्रेंडली घर हे साठ वर्षं टिकणाऱ्या साध्या घरापेक्षा तिप्पट सिमेंट खातं, इतकं साधं गणित आहे.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० च्या सुमारास झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला, प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे काँक्रीटमध्ये ताणून ठेवलेल्या, तारा गंजल्या होत्या. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा, त्याच्याही केबल गंजल्या आणि शेजारी दुसरा बांधायला लागला. चीनमध्ये शेन्झेनला २०१३ साली समुद्राची न धुतलेली वाळू रेडीमिक्समध्ये गेल्याचं उघड झालं आणि मोठ्या मोठ्या टॉवरची कामं तपासणीसाठी थांबवावी लागली. तिथे तर इंजिनीयरची फौज असते, आपल्याकडे गवंडी, मिक्सरवाला आणि तुम्ही.

मग "रोमन लोकांनी समुद्राच्या पाण्यात काँक्रीट केलं, ते दोन हजार वर्षं टिकलं" हा व्हिडिओ तुम्हाला कोणीतरी पाठवला असेलच, मलाही महिन्यातून एकदा येतो. खरं आहे ते. ज्वालामुखीची राख, चुना आणि समुद्राचं पाणी, आणि त्या मिश्रणात समुद्राच्या पाण्याने नवीन स्फटिक तयार होत गेले म्हणून ते उलट घट्ट होत गेलं. पण त्या बंदराच्या धक्क्यात एकही सळई नाहीये हो. लोखंड नसेल तर मिठाचा प्रश्नच जवळजवळ संपतो, आपल्याच कोडमध्ये साध्या काँक्रीटला क्लोराईडची मर्यादा ३ किलो आहे, म्हणजे सळईवाल्याच्या पाचपट. आपला सिंधुदुर्ग किल्ला घ्या, १६६४ ला काम सुरू झालं, तीन वर्षांत उभा राहिला, साडेतीनशे वर्षं लाटा खातोय, दगड आणि चुना. सळईच्या काँक्रीटचा असता तर आज नुसते गंजाचे डाग दिसले असते.

याच्या उलट उदाहरण मला फार आवडतं ते मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो बंदराच्या धक्क्याचं. युकातानला तिथलाच सच्छिद्र चुनखडीचा दगड खडी म्हणून वापरला, म्हणजे तुम्ही म्हणताय तसं अगदी स्थानिक, आणि काँक्रीट काही फार भारी नव्हतं, पण त्यात सळई घातली स्टेनलेस स्टीलची. १९४१ च्या आसपास पूर्ण झाला तो धक्का साठ वर्षांनी तपासला तरी धड होता, आणि शेजारी साध्या लोखंडाचा नंतर बांधलेला धक्का समुद्रात विरघळून गेला, नुसते खुंट उरलेत. आपल्याला घराला स्टेनलेस परवडणार नाही, किंमत कित्येक पट जाते, पण मुद्दा कळला ना? मरतं ते लोखंड, काँक्रीट नंतर.

बरं, मग स्थानिक काय वापरायचं. इथे माझं आणि बऱ्याच जणांचं जमत नाही, कारण किनाऱ्यावरचं मटेरियल म्हटलं की सगळ्यांना शिंपले आणि वाळू आठवते. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरचं सगळ्यात कामाचं स्थानिक मटेरियल म्हणजे स्लॅग आणि फ्लाय ॲश. डोलवीला पोलादाचा कारखाना आहे, त्याच्या भट्टीची स्लॅग, म्हणजे लोखंड गाळून उरलेली मळी, निघते, जयगडला कोळशावरचं वीजकेंद्र आहे, त्याची राख निघते. दोन्ही टाकाऊ, दोन्ही कोकणातच, आणि दोन्ही समुद्राकाठच्या काँक्रीटला साध्या सिमेंटपेक्षा जास्त मानवतात. आयएस ४५६ मध्येच लिहिलंय की समुद्राच्या पाण्यातल्या काँक्रीटला स्लॅग किंवा पोझोलाना, म्हणजे फ्लाय ॲशसारखी राख घातलेलं, सिमेंट फायद्याचं. कारण त्याने आतली छिद्रं बारीक आणि तुटक होतात, क्लोराईडला आत जायला रस्ता मिळत नाही, आणि स्लॅगमधला ॲल्युमिना थोडं क्लोराईड बांधूनही ठेवतो.

तेव्हा दुकानात जाऊन पीएससी मागा, पोर्टलँड स्लॅग सिमेंट, गोणीवर आयएस ४५५ लिहिलेलं असतं. त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग चालते, म्हणजे तेवढा क्लिंकर, सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ माल, कमी. क्लिंकर भाजायला १४५० डिग्री लागते आणि चुनखडीतला कार्बनडायऑक्साईड बाहेर पडतो तो वेगळाच, साध्या ओपीसीचा, म्हणजे नेहमीच्या पोर्टलँड सिमेंटचा, किलोमागे पाऊण ते ०.९ किलो कार्बनडायऑक्साईडचा धूर होतो असं धरा. अर्धी स्लॅग असेल तर तो जवळपास अर्ध्यावर येतो. तुमच्या घराच्या सगळ्या पर्यावरणप्रेमात हा एक निर्णय सगळ्यात मोठा आहे आणि त्याला एक रुपया जास्त लागत नाही, बऱ्याचदा गोण कमी पैशातच मिळते. पीएससी नाही मिळालं तर पीपीसी, म्हणजे फ्लाय ॲशवालं. दुकानदार कदाचित सल्फेट रेझिस्टिंग घ्या म्हणेल, समुद्राला तेच लागतं म्हणून, ते घेऊ नका. त्यात सी३ए नावाचं ॲल्युमिनाचं संयुग कमी असतं आणि तेच तर क्लोराईडला पकडून ठेवतं, ते सिमेंट सल्फेटच्या जमिनीसाठी आहे, तुमचा शत्रू वेगळा आहे.

एक गोष्ट मात्र, स्लॅग सिमेंट सुरुवातीला हळू चालतं. सेंट्रिंगवाला सातव्या दिवशी फळ्या काढायला येईल, त्याला परत पाठवा, चौदा दिवस तरी टेकू राहू देत, आणि क्युरिंग, म्हणजे पाण्याने ओलं ठेवणं, तेही १४ दिवस. हे पाळणार नसाल तर स्लॅग सिमेंटचा उपयोग सोडा, उलट वरचा थर भुसभुशीत राहील आणि समुद्राला तेच हवंय.

एलसी३ बद्दल विचारलंय तुम्ही. भाजलेली चिकणमाती, चुनखडीची पूड आणि निम्मा क्लिंकर असं ते सिमेंट, स्विस, क्युबन आणि आपल्या आयआयटीवाल्यांनी मिळून विकसित केलेलं, आणि आपल्याकडे त्याचं आयएस मानक २०२३ ला आलं. माती भाजायला ७०० ते ८५० डिग्री पुरते, क्लिंकरच्या निम्म्याने. क्लोराईडला तर ते फारच चांगलं अडवतं. आणि गंमत म्हणजे त्याला केओलिनाईट, म्हणजे चिनी मातीतलं खनिज, असलेली माती लागते, चांगल्या भांड्यांना लागते तितकी शुद्ध नाही, ४० टक्के असली तरी पुरे, आणि आपल्या सिंधुदुर्गात चिनी मातीच्या खाणी आहेतच. उद्या खरंच कोकणचं सिमेंट म्हणायचं असेल तर ते हे असेल. पण आज तुम्हाला चाळीस-पन्नास गोण्या दुकानातून उचलता येतील अशी परिस्थिती मी आमच्याकडे पाहिलेली नाही, त्यामुळे त्यासाठी घर थांबवू नका.

भाताच्या तुसाच्या राखेचंही तेच. कोडमध्ये तिला जागा आहे, सिलिका भरपूर असते, पण ती तापमान सांभाळून जाळलेली हवी, साधारण ७०० डिग्रीच्या खाली, आणि बारीक दळलेली. गिरणीमागे ढीग लावून जाळलेली काळी राख स्लॅबात घालू नका, ती भांडी घासायला ठीक.

खडी. जांभ्याची खडी आरसीसीला नको. जांभा सच्छिद्र आहे, पाणी पितो, चिऱ्याच्या ताकदीची मानकातली अपेक्षाच मुळात चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटनची आहे आणि तुम्हाला काँक्रीट हवंय ३० न्यूटनचं. काळ्या दगडाची खडी घ्या, देवगडच्या वरच्या अंगाला काळा दगड मिळतो, क्रशर असतात, तेही स्थानिकच आहे की. आणि वाळूच्या जागी त्याच क्रशरची धुतलेली क्रश सँड. इथे लोक फसतात ते असं की क्रशरवाला खडी फोडताना उडालेली डस्टच वाळू म्हणून देतो, ती चपटी, पूड जास्त, पाणी जास्त मागते. व्हीएसआय मशीनची, म्हणजे दगड आपटून गोलसर दाणा करणाऱ्या यंत्राची, धुतलेली, आयएस ३८३ या वाळू-खडीच्या मानकातल्या झोन दोनच्या दाण्यात बसणारी मागा आणि चाळणीचा रिपोर्ट मागा. मूठभर वाळू पाण्याच्या बाटलीत हलवून ठेवा, वर गाळाचा जाड थर बसला तर गाडी परत. नाकारलेल्या गाडीचं भाडं कोण देणार हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर तोंड बघून लोक गाडी उतरवून घेतात.

आता ग्रेड. तुमचं घर कोडच्या भाषेत सीव्हिअर, म्हणजे तीव्र, वर्गात येतं, किनाऱ्याच्या हवेला उघडं काँक्रीट. म्हणजे किमान एम ३०, तेच ३० न्यूटनचं काँक्रीट, सिमेंट घनमीटरला किमान ३२० किलो, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, कव्हर ४५ मिमी. गवंडी अजून एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी) बोलत असेल, ते एम २० चं माप आहे आणि एम २० च्या वर असं घमेल्यांनी मोजून करताच येत नाही, कोड परवानगी देत नाही, मिक्स डिझाईन लॅबमधून करून घ्यावं लागतं. रत्नागिरी, कुडाळ, कोल्हापूर, कुठेही करून घ्या, घराच्या खर्चात ती रक्कम दिसतही नाही. मी साधारण ३७० किलो पीएससी आणि १५५-१६० लिटर पाणी असं धरतो, प्लॅस्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यातही माल सैल ठेवणारं केमिकल, घालून. गोणीच्या हिशेबात ५० किलोला २१ लिटर पाणी झालं. पण वाळू ओली असते ना, गोणीमागे शंभरेक किलो वाळूत ५ टक्के ओल असेल तर पाच लिटर पाणी तिच्यातूनच येतंय, मग मिक्सरमध्ये घालायचं फक्त सोळा. हा हिशेब न करता मिक्सरवाला पाईप सोडून बसतो आणि "माल पळायला पायजे" म्हणतो. स्लॅबच्या दिवशी पाण्याला माप लावून एक माणूस उभा करा, घरचा, न लाजणारा. माझी एक आत्या होती अशा कामाला, खुर्ची टाकून बसायची मिक्सरपाशी, तिच्यापुढे कोणाची बालदी उचलायची हिंमत नव्हती.

कव्हरबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळा खेळ तिथे आहे. मीठ आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे कव्हर २० वरून ४० केलं तर आयुष्य दुप्पट नाही, ढोबळमानाने चौपट. पाऊण इंच जास्तीचं काँक्रीट, बस. एवढं स्वस्त आयुष्य दुसऱ्या कुठल्याही केमिकलमध्ये मिळत नाही. आणि साईटवर होतं काय, तर स्लॅबच्या जाळीखाली खडीचा तुकडा, नाहीतर चिऱ्याची कपची सरकवतात, माणसं चालली की ती सटकते आणि जाळी फळीवर बसते, कव्हर शून्य. चिऱ्याची कपची तर पाणी ओढून थेट सळईला पाजते. कव्हर ब्लॉक त्याच एम ३० च्या मिश्रणाचे, आधी पंधरा दिवस करून, पाण्यात बुडवून ठेवलेले हवेत, बांधायला मध्ये तार घातलेले. बाइंडिंगच्या तारेची टोकं आतल्या बाजूला वळवा, बाहेर राहिलेलं टोक म्हणजे गंजाची वात. आणि कॉलमच्या बुडाशी व्हायब्रेटर नीट लावा, बुडाला हनीकोंब, म्हणजे पोळ्यासारखी पोकळ जागा, झालं तर वर कितीही भारी सिमेंट घाला, तिथून खाणारच.

सळई लागेल तेवढीच, लागेल तेव्हाच मागवा. पावसाआधी घेऊन ठेवली, स्वस्त मिळाली, असं करू नका, समुद्राच्या वाऱ्यात दोन महिने पडलेल्या सळईवर नुसता गंज नसतो, मीठही असतं. पडलीच असेल तर वायर ब्रश आणि गोड्या पाण्याने धुऊन मग बांधा. गॅल्व्हनाइज्ड परवडत असेल तर गच्चीच्या बाहेरच्या छज्ज्यांना आणि पॅरापिटला वापरा, तिथे सगळ्यात आधी मार बसतो. काचतंतूची ती पिवळी-हिरवी जीएफआरपी सळई गंजत नाही हे खरं, पण ती साईटवर वाकवता येत नाही, ताठपणा लोखंडाच्या चौथाई, आणि तुटायच्या आधी ताणून इशारा देत नाही. कंपाउंड, फरशीखालचं काँक्रीट, गटाराची झाकणं इथे जरूर वापरा. बीम-कॉलममध्ये, कोयनेचा १९६७ चा भूकंप ज्या मुलखाने अनुभवलाय तिथे, मी घालणार नाही.

बांबूचं उत्तर छोटं आहे. काँक्रीटमध्ये तो ओलं काँक्रीट असताना फुगतो, मग सुकतो आणि सुटा होतो, पकड राहत नाही, ताठपणा लोखंडाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तुमच्याकडे माणगा आहे, चांगला भरीव बांबू, तो बोरिक-बोरॅक्समध्ये ट्रीट करून वरच्या पडवीच्या छपराला वापरा, शोभून दिसेल आणि बदलताही येईल.

पाणी. आरसीसीला क्लोराईड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० असतं, त्यामुळे विहिरीत समुद्र किंचित मुरला तरी संपलं. खाडीकाठची विहीर श्रावणात गोड असते आणि एप्रिल-मे महिन्यात मचूळ होते, आणि बांधकामं नेमकी तेव्हाच चालतात. म्हणून टेस्ट मे महिन्याच्या पाण्याची करा, सप्टेंबरच्या नाही. क्युरिंगलाही तेच पाणी लागतं हे लोक विसरतात, मिक्सिंगला टँकर आणतात आणि चौदा दिवस मचूळ पाण्याची आळी भरून ठेवतात. जमलं तर पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवा, कोकणात पावसाची काय कमी, ते पाणी क्युरिंगला उत्तम.

आता भिंती, इथे मात्र मन मोकळं करा. माझं म्हणणं असं की तळमजला अधिक एक एवढ्या घराला कॉलम-बीमचा पूर्ण सांगाडा लागतोच कशाला? चांगला जांभा, खाणीतून काढून एक पावसाळा बाहेर ठेवलेला, हवेने तो टणक होतो, त्याच्या जाड भिंती भार घेतात. सळईचं काँक्रीट फक्त जोत्याला, लिंटेलला आणि स्लॅबखाली पट्टा म्हणून, कोपऱ्यांना उभ्या सळया, भूकंपाच्या कोडप्रमाणे. अशा घरात सांगाड्याच्या मानाने सळई आणि सिमेंट दोन्ही बरंच कमी लागतं, आणि गंजायला जितकं लोखंड कमी तितकी झोप चांगली. इंजिनीयर कदाचित नाक मुरडेल कारण सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम टाकणं सोपं. दुसरा शोधा.

शिंपल्यांचा चुना याच भिंतींना. पूर्वी किनाऱ्यावर भट्ट्या होत्या, चुना घाण्यात दळायचे, बैल फिरायचा गोल गोल, आत विटेची सुरखी. आज कुठे मिळाला तर आतल्या गिलाव्याला वापरा, जांभा श्वास घेतो, सिमेंटच्या गिलाव्याखाली ओल अडकते आणि पापुद्रे सुटतात, चुन्याखाली नाही. मात्र शिंपले भाजण्याआधी गोड्या पाण्यात धुतलेले आहेत ना विचारा, नाहीतर भिंतीवर पांढरं मीठ फुलतं. आरसीसीत चुना सिमेंटच्या जागी नको, तो हवेतला कार्बनडायऑक्साईड घेऊन परत चुनखडी होतो, अल्कली उतरते आणि सळईचा तो थर जातो.

आणि एक, नकाशात नसतं म्हणून सांगतो. "पुढेमागे वरचा मजला चढवू" म्हणून गच्चीवर कॉलमच्या सळया दोन-दोन फूट बाहेर काढून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. तिथून गंज सळईच्या कडेने खाली कॉलममध्ये उतरतो. तुम्हाला तळमजला अधिक एकच करायचंय ना, मग सळया गच्चीतच वळवून काँक्रीटमध्ये बंद करा. ठेवायच्याच असतील तर वरून कमी ताकदीच्या काँक्रीटचा ठोकळा घालून झाका, हवा तेव्हा फोडता येतो. उलटी बाटली घालून भागत नाही.

राहता राहिली ती चार ब्रास वाळू. आधी तिची रॉयल्टीची पावती आहे का बघा, कारण वाळू उपशावर २०१० मध्ये उच्च न्यायालयाने बडगा उगारला होता आणि परवान्याशिवायची वाळू दारात सापडली तर दंड तुम्हालाही होऊ शकतो. पावती असेल तर धुऊन वापरायचा विचार येईल मनात. श्रीलंकेत समुद्रातून उपसलेली वाळू डोंगर रचून पावसात धुऊन मग विकतात, अशक्य काही नाही, पण ते वेळोवेळी नमुने काढून क्लोराईड मोजतात. तुमचा ढीग आत खारट आहे की नाही कसं कळणार, बाहेरून धुतला जातो, पोटात मीठ तसंच. थोडी वाळू ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात हलवून सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि पांढरा साका आला तर खारी, एवढं घरीही दिसतं, पण किती खारी ते लॅबच सांगते. जोत्यात भरावाला टाकू नका, ते मीठ ओलीबरोबर चिऱ्यात चढेल. झाडांपासूनही लांब ठेवा. पातळ पसरवून एक पूर्ण पावसाळा खाऊ द्या तिला, आणि पुढच्या वर्षी गेटपासून पडवीपर्यंत पेव्हर बसवाल त्याच्याखाली अंथरा, तिथे सळई नाही.